पोया माश्यांचं बिऱ्हाड

बोरिवलीहून गोराईला जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. लोक रविवारी जातात, समुद्रात भिजतात आणि संध्याकाळी चपलांतली वाळू झटकत घरी येतात. कॉलेजात असताना मीही तशीच गेले होते. पण गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघी बायका एक लाकडी पेटी मांडीवर घेऊन ती खाडी ओलांडून गेलो, आणि मे महिन्यात त्यांतल्या आम्ही दोघी पुन्हा गेलो. त्या दोन फेऱ्यांमध्ये जे घडलं ते ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तुकड्या-तुकड्यांनी ऐकलंय. एकदा सलग सांगावं म्हणून लिहायला बसले.

बोरिवली

माझ्या सासूबाईंचं घर बोरिवली पूर्वेला, एका जुन्या चार मजली इमारतीत. इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता. बाकीची बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत गेली होती आणि सासूबाई आमच्याकडे मुलुंडला येणार होत्या. सामान टेम्पोत चढलं, गॅस काढून झाला, तरी त्या किल्ली द्यायला तयार होईनात. कारण स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीच्या आत, माश्या राहत होत्या.

सासूबाई मूळच्या देवगडकडच्या. मुंबईत आयुष्य गेलं, पण बोलणं अजून मालवणी. त्या मला म्हणाल्या, "भिंत फोडूची तर फोडा. पण हेंका मारू नको. तुझो नवरो रांगाक लागलो तेवापासून ऱ्हवतत हंय."

या माश्यांना पोया म्हणतात. डासापेक्षा जराशी मोठी, काळी, नांगी नसलेली मधमाशी. प्लास्टरच्या भेगेतून बोटाच्या पेराएवढी एक काळपट, चिकट नळी बाहेर आलेली असते. ते यांचं दार. दिवसभर त्या दारातून ये-जा चालते आणि घरातल्या कुणाला काही त्रास नसतो. सून म्हणून मी ती नळी वर्षानुवर्षं पाहिली होती. पण मी घाटकोपरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि ती नळी कशाची आहे हे मला खूप उशिरा, एक शोधनिबंध वाचताना कळलं. झाडाच्या सालीतून, कोंबांतून जो चीक आणि डिंक पाझरतो तो माशी पायांवर गोळा करून आणते, त्यात मेण कालवते आणि त्यानं भेगा बुजवते. यालाच प्रोपोलिस म्हणतात. कोकणातली पेट्यांत पाळली जाणारी सातेरी माशी ते जवळजवळ वापरतच नाही. पोयांचं मात्र आख्खं घर त्यावर उभं असतं: दार, भिंती, मधाची मडकी, सगळं. झाडाने बुरशीपासून, उन्हापासून, किड्यांपासून वाचायला जी द्रव्यं बनवलेली असतात ती त्या चिकात असतात, आणि माशी ती आपल्या घराला लावते.

सोसायटीतल्या एकाने मला फोन करून सांगितलं होतं, "मॅडम, परवा औषधाचा पंप मारून टाकतो. झंझटच नको." ते ऐकून मी लगेच ॲग्नेसला फोन लावला. ॲग्नेस आणि मी बी. एस्सी.ला एकत्र होतो. तिने वनस्पतिशास्त्र घेतलं, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि आता गोराईत वडिलांची वाडी सांभाळते. तिच्याकडे पोयांच्या दोन-तीन पेट्या होत्या.

"पंप-बिंप मारू देऊ नकोस यार त्यांना," ती म्हणाली. "मी पेटी घेऊन येते. तू एक गवंडी बघून ठेव. हळू हाताचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गवंड्याने खिडकीखाली छिन्नी लावली. प्लास्टरचा पहिला पापुद्रा सुटला आणि माश्या बाहेर आल्या. नांगी नसली म्हणून त्या गप्प बसत नाहीत. केसांत घुसतात, भुवया चावतात, चिकट डिंक लावून ठेवतात. मी डोक्याला ओढणी गुंडाळली तरी कानामागे त्यांची किणकिण चालूच होती. सासूबाई तेवढ्या शांत. पदर डोक्यावर घेऊन स्टुलावर बसल्या होत्या.

विटा निघाल्यावर आतलं दिसलं. तपकिरी, चकाकणारी मडकी, द्राक्षांच्या घोसासारखी. काहींत मध, काहींत पराग. मधोमध पिल्लांच्या फिक्या पेशींचा झुबका. आणि त्या सगळ्याभोवती राळेचा, म्हणजे त्याच प्रोपोलिसचा, पडदा. त्या पडद्यात मला ठिकठिकाणी हिरवट आणि निळे कण दिसले.

"ऑइलपेंट," ॲग्नेस म्हणाली. "आणि हे काळं बघ, डांबर आहे. कंपाउंडमधला आंबा कधी कापला?"

"पार्किंग केला तेवा," सासूबाई म्हणाल्या.

"मग काय करतील बिचाऱ्या. चीक मिळाला नाही की जे चिकटतं ते आणतात."

ॲग्नेसने पिल्लांचा झुबका दोन चमच्यांनी उचलला. त्याच क्षणी तिला राणी दिसली, मलाही दिसली. पोट फुगलेली, जड, उडता न येणारी. आणि तेवढ्यात वरून विटेचा एक तुकडा निसटून पडला. गवंड्याचा दोष नव्हता, भिंतच जुनी. धूळ बसल्यावर आम्ही मोबाईलचा उजेड टाकून खूप शोधलं. राणी कुठेच नव्हती.

शेवटी ॲग्नेसने पिल्लांच्या झुबक्याच्या कडेची एक पेशी दाखवली, बाकीच्यांपेक्षा ठळक मोठी. "ही राणीची कोठडी. यातून नवी निघाली तर जगतील. नाही तर म्हाताऱ्या होऊन एकेक करून संपतील. आत्ता काही सांगता येत नाही."

जुन्या दाराची नळी तिने अलगद कापून पेटीच्या भोकाला चिकटवली, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्यांना आपला वास ओळखता येईल. पेटी खिडकीतच ठेवली. दिवेलागणीपर्यंत बहुतेक सगळ्या आत गेल्या. भिंतीला उरलेली राळ मी तपासणीसाठी खरवडून बरणीत घेतली. सासूबाईंनीही त्यातला एक गोळा उचलून स्टीलच्या डबीत टाकला. मी विचारलं नाही कशाला.

पेटीच्या तोंडाला जाळी बांधल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सकाळी मीय येतलंय. खंय ठेवतत तां बघूक होयां."

खाडीपलीकडे

सकाळी ओहोटी होती. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, चिखलात खेकडे पळत होते. होडीत आधी मोटारसायकली चढल्या, मग माणसं. ॲग्नेसने पेटी मांडीवर घेतली आणि सासूबाईंनी तिच्यावर ऊन लागू नये म्हणून छत्री धरली. त्यामुळे आमच्याकडे सगळी होडी बघत होती.

शेजारी रिकाम्या पाट्या घेऊन परत निघालेली एक कोळीण बसली होती. तिने विचारलं, "पेटीन काय हाय?"

"माश्यो," सासूबाई म्हणाल्या.

"कंची मासली?"

"मासळी नाय गो. मधाच्या."

कोळणीने पेटीला कान लावला आणि घाईने मागे घेतला. मग मात्र उतरेपर्यंत तिने स्वतःची पाटी पेटीला लागू दिली नाही.

मुलुंडमध्ये आमच्या खिडकीतून डोंगर दिसतो, पण तो दिसण्यापुरताच. मध्ये रस्ता, बस डेपो, गृहसंकुलं. गोराईत झाड माणसाच्या अंगावर येतं. ॲग्नेसच्या वाडीत फणस, आंबे, काजू, शेवगा आणि कुंपणाला लागून खाडीची झुडपं. आंब्याला मोहोर होता आणि फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या खोडाला लागलेल्या. ॲग्नेसने फणसाच्या देठाला नखाने टोचलं. पांढरा चीक टपकला. "हे यांचं सिमेंट," ती म्हणाली.

पेटी फणसाखाली चौरंगावर ठेवली. चौरंगाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. जाळी काढल्यावर पहिली माशी नळीच्या तोंडाशी आली, पेटीकडे तोंड करून मागे-मागे उडत दोन-तीन घिरट्या घेतल्या आणि गेली. मग दुसरी. नवा पत्ता पाठ करून घेत होत्या.

आम्ही जेवायला आत गेलो. ॲग्नेसने ओल्या बोंबलांचं कालवण केलं होतं, बाटलीमसाला घालून. उन्हाळ्यात कितीतरी जिन्नस भाजून कुटतात आणि तपकिरी बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवतात, तो हा गोराईकडच्या ख्रिस्ती घरांतला मसाला. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि विचार करत थांबल्या.

"बरां झालां," त्या म्हणाल्या. "आमसूल घातलंस असतंस तर आणखी बरां."

"मावशी, आमच्यात चिंच."

"चिंच आमटीत. माशाक आमसूल."

हा वाद मिटला नाही, पण सासूबाईंनी दोनदा भात घेतला.

बाहेर आलो तर चौरंगावर मुंग्यांची काळी रांग. वाट्यांत पाणी होतं, मग मुंग्या चढल्या कुठून? माझी ओढणी. उकडलं म्हणून मी ती काढून चौरंगाच्या कडेला टाकली होती आणि तिचं टोक गवतात लोळत होतं. मुंग्यांना आयताच पूल मिळाला होता. आत फुटलेल्या मडक्यांतून मध झिरपत होता, त्याचा वास त्यांना लागलेला. ॲग्नेसने पेटी उघडली, फुटकी मडकी भराभर काढली आणि ओल्या फडक्याने एकेक कडा पुसली. मी वाट्यांतलं पाणी बदललं. सासूबाईंनी चुलीतली राख आणून भोवती रेघ ओढली. माश्याही गप्प नव्हत्या. मुंगी आत शिरली की तिच्यावर राळेचा ठिपका ठेवायचा, ती तिथेच खिळून राहायची. तासाभराने रांग मोडली.

"वाचल्या ना?" मी विचारलं.

"मुंग्यांपासून वाचल्या," ॲग्नेस म्हणाली. "राणीचं आता थांबून बघायचं. मी दोन महिने पेटी उघडणार नाही. तूही फोन करून मला छळू नकोस."

घाटकोपर

मी छळलं नाही, पण रोज वाटायचं. तो वेळ मी प्रयोगशाळेत घालवला. बोरिवलीच्या भिंतीतली राळ फ्रिजरमध्ये कडक केली, खलात कुटली आणि अल्कोहोलात भिजत घातली. काही दिवसांनी गाळल्यावर गडद चहासारखा अर्क निघाला. वास मात्र आंब्याचा मोहोर आणि पॉलिश यांच्या मधला काहीतरी.

सासूबाई तोवर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दिवसभर करमत नव्हतं, म्हणून एका शनिवारी मी त्यांना कॉलेजात घेऊन गेले. त्यांना स्टुलावर बसवून मी प्रयोग दाखवला. एक जांभळं द्रावण असतं. त्याच्या रेणूमध्ये एक इलेक्ट्रॉन एकटा, जोडीदार नसलेला. तो जोडी शोधत असतो. आपल्या शरीरातही असे अस्वस्थ रेणू तयार होतात आणि दिसेल त्याला ओरबाडतात. तेल खवट होतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, तशातली ही गोष्ट. झाडांतली फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं त्यांना स्वतःकडचं देऊन शांत करतात. तसं झालं की जांभळा रंग उतरत जातो.

मी तीन नळ्या लावल्या. एकीत नुसतं अल्कोहोल, एकीत तुलनेसाठी क जीवनसत्त्व, एकीत भिंतीचा अर्क. क जीवनसत्त्वाची नळी बघता-बघता पिवळी झाली. भिंतीची नळी जांभळीवरून हळूहळू मळकट गुलाबीवर आली आणि तिथेच रेंगाळली.

"म्हणजे गुण आसा," सासूबाई म्हणाल्या.

"आहे, पण थोडाच. डांबर आणि पेंट मिसळलाय ना."

"आसा ना पण? मगे त्यो साखरेच्यो गोळ्यो कित्याक? मी बंदच केलंय."

माझ्या हातातली नळी मी स्टँडमध्ये ठेवली. "कधीपासून?"

मधुमेहाच्या गोळ्या बंद, आणि त्याही मुलुंडला आल्यापासूनच. त्या डबीतला राळेचा गोळा त्या रोज चिमूटभर मधात कालवून चाटत होत्या. वर मध. मी विचारलं, असं कोणी सांगितलं? गावी त्यांची आत्या जखमेला लावायची म्हणाल्या, आणि मीच तर जेवताना सारखी सांगत असते, यात अमुक द्रव्य, तमुक द्रव्य.

ते खरं होतं. मी प्रयोगशाळा मागे टाकून त्यांना रिक्षात घातलं आणि थेट आमच्या डॉक्टरांकडे नेलं. साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई त्यांच्याशी शांतपणे बोलल्या, पण बोलल्या स्पष्ट. परत येताना रिक्षात सासूबाई पुन्हा त्याच विषयावर आल्या.

"नळीत रंग जाताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," त्या म्हणाल्या.

"नळीत जातो, आई. पण तुम्ही गिळलेलं रक्तात किती पोचतं, पोचून काय करतं, हे त्या नळीला कळत नाही. मलाही माहीत नाही. आणि तुमच्या गोळ्या काय करतात ते माहीत आहे."

"मगे इतकी शिकलंस तां कित्याक?"

मग त्यांनीच माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "जाऊंदे. घेतंय गोळ्यो." आणि घेतल्या. पुढच्या तपासणीत साखर उतरली होती.

पुन्हा गोराई

मेच्या सुरुवातीला ॲग्नेसचा फोन आला. तिने पेटी उघडली होती. काय दिसलं ते सांगेना. "दोघी या आणि बघा," एवढंच.

वाडीत आंबे उतरवून झाले होते आणि फणसाचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. पेटीचं दार आता लांब झालेलं, कर्ण्यासारखं रुंद तोंड, रंग मधासारखा पारदर्शक. त्यात ना हिरवा कण ना काळा. दाराशी पहारेकरी माश्यांची रांग.

ॲग्नेसने झाकण उचललं. मडकी पुन्हा उभी राहिली होती. मधोमध पिल्लांचा झुबका, पूर्वीपेक्षा मोठा, वरच्या पेशी ताज्या आणि ओलसर. आणि त्यांच्यावरून सावकाश चालत जाणारी, फुगल्या पोटाची नवी राणी. तिच्याभोवती कामकरी माश्या तोंड आत करून जमलेल्या.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हीच ती? कोठडीतली?"

"हीच, मावशी."

त्या वाकून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "झाकण ठेव गो. उजेड लागता तिका."

दाराच्या कडेची राळ मी थोडीशीच घेतली. तिचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. घाटकोपरला तोच प्रयोग त्याच पद्धतीने केला. या वेळी जांभळा रंग उतरला आणि नळी गवती पिवळी झाली, जवळजवळ क जीवनसत्त्वाच्या नळीसारखी. फिनॉल मोजण्याच्या चाचणीत गर्द निळा रंग आला, म्हणजे ती द्रव्यं भरपूर. त्याच माश्या, तेच कसब. फक्त झाडं वेगळी. एका पेटीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगते तसं स्वतःलाही सांगितलं. पण यंदा आम्ही बोरिवली, मुलुंड आणि गोराई, तिन्हीकडच्या पोयांची राळ गोळा करून नीट काम करणार आहोत. आमच्या मुलुंडच्या गच्चीत एक पेटी येईल असं ॲग्नेसने कबूल केलंय.

त्या दुपारी मात्र गोष्ट वेगळीच झाली. आम्ही पडवीत फणसाचे गरे सोडत बसलो होतो. ॲग्नेसच्या शेजारची रोझी कुंपणापाशी आली. तिच्या हातात लहानशी वाटी होती.

"ॲग्नेस, ते माश्यांचं औषध थोडं दे ना. पास्कलच्या पायाला लावते. बरंच होत नाहीये."

पास्कल तिचा नवरा. त्याला साखर होती हे ॲग्नेसला माहीत होतं. पायाला जखम आहे हे तिला नव्याने कळत होतं. मी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच सासूबाई हाताचा चीक खोबरेल तेलाने पुसत उठल्या.

"कितके दिस झाले?"

"झाले असतील पंधरा-वीस. आधी हळद लावली."

"काळां पडलां?"

रोझीने मान खाली घातली. "बोटाजवळ थोडं."

सासूबाईंनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि पडवीच्या कठड्यावर ठेवली. "ह्यां औषद नाय गो. ह्यां तेंचां घर. मी खाल्लंय ह्यां, गोळ्यो सोडून. साखर अशी चढली." त्यांनी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून तिला दाखवलं. "तो पाय आज डॉक्टराक दाखवचो. उद्या नाय."

"तो येणार नाही, मावशी. डॉक्टर म्हटलं की चिडतो."

"खंय आसा तो? चल, मी बोलतंय."

त्या रोझीबरोबर गेल्या. ॲग्नेस आणि मी मागून पोचलो, तेव्हा पास्कल खाटेवर बसला होता आणि सासूबाई त्याच्यासमोर खुर्ची ओढून. आवाज चढवला नव्हता. त्या त्याला स्वतःची हकीगत सांगत होत्या, मध चाटल्यापासून रिक्षापर्यंत. मधेच तो हसला. मग त्याने शर्ट मागितला.

संध्याकाळच्या होडीने आम्ही पाच जणी-जणे निघालो. पास्कलचा पाय स्वच्छ फडक्यात गुंडाळून एका पालथ्या पाटीवर ठेवला होता. बोरिवलीच्या हॉस्पिटलमध्ये त्याला दाखल करून घेतलं. जखम साफ करून झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि रोझीला म्हणाले की बोट वाचेल, पाय नक्की वाचेल, फक्त आता औषधं नियमित. रोझी भिंतीला टेकून रडली, आणि मग तिला आठवलं की सकाळपासून कुणी धड खाल्लेलं नाही.

तिच्या पिशवीत फडक्यात बांधलेले फुगे होते. मैद्याचे, तळलेले, गोल आणि आतून हलके. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही ते वाटून घेतले. सासूबाईंनी एक फुगा मोडून आतली जाळी नीट बघितली.

"हेच्यात काय घालतंस गो? सोडो?"

"नाही मावशी. ताडी. रात्रभर फुगू द्यायचं."

"ताडी," सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "मुलुंडाक खंय गावता तां बघ. नवऱ्याक तुझ्या खूप आवडतले."